ऑनलाइन डायव्हिंग घड्याळ घेताय? आधी हे तपासा

रोलेक्स सबमरीनर, ओमेगा सीमास्टर, ब्लँकपेन फिफ्टी फॅदम्स ही घड्याळं सोशल मीडियावर रोज दिसतात. किमती लाखांत असतात. म्हणूनच ऑर्डर देण्याआधी फोटोपलीकडचं बरंच काही पाहावं लागतं.

डायव्हिंग घड्याळ कशाला म्हणतात?
आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते किमान १०० मीटर खोलीचा दाब सोसणारं आणि अंधारात वाचता येणारं हवं. काचेभोवतीची कडा, म्हणजे बेझेल, सहसा एकाच दिशेने फिरते. तिला चुकून धक्का लागला तर पाण्यात गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी नाही. त्यामुळे पाणबुड्या वेळेआधीच वर येतो.

ऑटोमॅटिक म्हणजे काय?
यात बॅटरी नसते. मनगटाच्या हालचालीने आतला रोटर फिरतो आणि स्प्रिंगला चावी बसते. स्वित्झर्लंडच्या सीओएससी प्रमाणपत्रातही दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे इतका फरक चालतो. 'सेकंदकाटा सरकत चालला की घड्याळ अस्सल' या समजावर विसंबू नका. स्वस्त नकली ऑटोमॅटिक घड्याळातही तो तसाच चालतो.

विक्रेता कोण आहे?
रोलेक्स कंपनी नवी घड्याळं ऑनलाइन विकत नाही, ती अधिकृत दुकानांतच मिळतात. त्यामुळे 'नवंकोरं रोलेक्स, अर्ध्या किमतीत' अशी जाहिरात दिसली की सावध व्हा. अधिकृत साखळीबाहेर, म्हणजे ग्रे मार्केटमध्ये, घड्याळ खरं असू शकतं, पण कंपनीची वॉरंटी मिळेलच असं नाही. वॉरंटी कार्डावरची तारीख आणि सीरियल नंबर घड्याळाशी जुळवून पाहा.

वापरलेलं घेत असाल तर?
'३०० मीटर' हा आकडा कारखान्यातून निघालेल्या घड्याळाचा असतो. आतली रबरी सील काळानुसार खराब होतात, त्यामुळे प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय ते पाण्यात नेऊ नका. खऱ्या केसमध्ये दुसऱ्याच घड्याळाचे भाग बसवलेलेही असतात. सर्व्हिसचं बिल आणि आतल्या मशीनचे फोटो मागा.

पैसे देताना
परदेशातून मागवल्यास कस्टम ड्युटी आणि जीएसटी वेगळा लागतो. भारतात २ लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या घड्याळांवर १ टक्का टीसीएस लागू झाला. तो प्राप्तिकर भरताना वळता करून घेता येतो. अनोळखी व्यक्तीच्या खात्यावर थेट पैसे पाठवू नका. परत करण्याचा नियम लेखी घ्या आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.