टर्नर, चांभार आणि शिवणकरणीचा मुलगा

चित्रकला ही फुरसतवाल्यांची बाब आहे, पोटामागे धावणाऱ्यांचे ते काम नव्हे, असा समज आपल्या समाजात खोल रुजलेला आहे. कामगारांत वावरताना आम्हाला तो पावलोपावली भेटतो. ब्राझीलमधील एका मनोरुग्णालयाचा इतिहास या समजाला चोख उत्तर देतो, म्हणून तो आज आपणांपुढे ठेवीत आहो.

डॉ. नीझी दा सिल्वेरा यांचा जन्म 1905 साली ईशान्य ब्राझीलमधील मासेयो येथे झाला. 1926 साली त्या डॉक्टर झाल्या. 1936 साली मार्क्सवादी ग्रंथ बाळगल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली आणि वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. सरकारी नोकरी परत मिळाली ती 1944 साली, रिओ दि जानेरोच्या एंगेन्यो दे देन्त्रो या रेल्वे कारखान्यांच्या वस्तीतील मनोरुग्णालयात. तेथे विजेचे झटके आणि मेंदूवरील शस्त्रक्रिया यांचा जमाना सुरू झाला होता. बाईंनी झटके देण्यास साफ नकार दिला. तेव्हा त्यांच्याकडे व्यवसायोपचाराचा दुर्लक्षित विभाग आला. व्यवसायोपचार म्हणजे काय, तर रुग्णांकडून झाडलोट करून घेणे! फुकट राबवून घेण्याला उपचार म्हणावे, ही युक्ती आम्हा कामगारांना अगदीच अपरिचित नाही.

बाईंनी 1946 साली अल्मीर माविन्येर या तरुण चित्रकाराच्या साह्याने तेथे चित्रशाळा उघडली. रंग, कुंचले आणि माती पुढे ठेवायची. शिकवायचे नाही, नमुना द्यायचा नाही. 'पेशंट' या शब्दात निमूट सोसण्याचा अर्थ दडलेला आहे, म्हणून तो शब्दही त्यांनी टाकला. येणाऱ्याला त्या 'अशील' म्हणत.

हे अशील होते कोण? एमिग्दिओ दे बार्रोस हा नौदलाच्या कारखान्यातील टर्नर. कुंचला हाती येण्यापूर्वी वीसहून अधिक वर्षे तो इस्पितळात होता. कार्लोस पेर्तुइस जोड्यांच्या कारखान्यात राबलेला. फर्नांदो दिनिस हा कृष्णवर्णीय मुलगा. त्याची आई श्रीमंतांच्या घरी शिवणकाम करी. पुढे त्याच्या चित्रांत दिवाणखाने उमटले, पियानो उमटले.

1949 साली साओ पाउलोच्या आधुनिक कला संग्रहालयात यांच्यापैकी नऊ जणांची चित्रे मांडली गेली. मारिओ पेद्रोझा या समीक्षकाने ती कला म्हणून उचलून धरली. काहींनी नाके मुरडली. 1952 साली रुग्णालयातच 'अबोध मनाच्या प्रतिमांचे संग्रहालय' उभे राहिले, आणि 1957 साली झुरिकच्या प्रदर्शनाचे उद्घाटन खुद्द कार्ल युंग यांनी केले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. चित्रातील वर्तुळे आणि देवता पाहून मानवमात्राच्या आदिम प्रतिमांचा सिद्धांत बाईंनी युंगकडून घेतला. सिद्धांत मोलाचा खरा. पण दिनिसचा दिवाणखाना केवळ आदिम प्रतिमेने उलगडत नाही. तो कोणाच्या घरचा, तेथे त्याची आई कोणत्या नात्याने जात होती, हे विचारल्यावाचून अर्थ अपुराच राहतो. युरोपात घडलेली मोजपट्टी दुसऱ्या देशातील गरिबाला लावताना त्याची भाषा, देव, रंग आणि धंदा हिशेबात घ्यावा लागतो. चित्रोपचाराचे अभ्यासक आज हेच सांगू लागले आहेत. बाईंचे मोठेपण असे की, त्यांनी प्रत्येकाची चित्रे वर्षानुवर्षे क्रमवार जपली, माणसाची हकीकत चित्राशेजारी ठेवली; त्यामुळे दुसरा अर्थ लावणाऱ्यालाही पुरावा शिल्लक राहिला.

संग्रहालयात आज साडेतीन लाखांवर कलाकृती आहेत. बाई 1999 साली वारल्या. 2001 साली ब्राझीलने मनोरुग्णांच्या हक्कांचा कायदा केला आणि उपचाराचा रोख कोंडवाड्याकडून समाजाकडे वळवला. त्या कायद्याचे श्रेय अनेकांच्या लढ्याला आहे. परंतु त्याची एक वाट या चित्रशाळेतून आली, यात शंका नाही. ज्याला कोणी विचारीत नाही त्याच्यापुढे साधन ठेवावे आणि तो जे सांगेल ते त्याच्या नावानिशी जपावे, एवढेच त्या बाईंनी केले. तेवढे करावयास रुग्णालयच हवे, असे नाही.