‘ब्रह्मचारी’ : एका शब्दाची फजिती

कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने १९३८ साली काढलेला ‘ब्रह्मचारी’ हा बोलपट आज बहुधा मीनाक्षी शिरोडकर यांच्या पोहण्याच्या पोशाखामुळेच आठवला जातो. हा त्या चित्रावर अन्याय होय. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या व प्र. के. अत्रे यांनी लिहिलेल्या या विनोदी बोलपटाचा खरा विषय भांबावलेले पौरुष हा आहे. आणि ते पौरुष उसन्या शब्दांवर उभे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कथानक थोडक्यात असे. औदुंबर (विनायक) हा सामान्य तरुण देशभक्त जटाशंकर यांचे व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो, जमविलेली सिनेनट्यांची चित्रे टाकून देतो व आचार्य चंडीराम (दामुअण्णा मालवणकर) यांच्या संस्थेत दाखल होतो. तेथे किशोरी येते, आणि प्रतिज्ञेचे व्हावयाचे ते होते.

ब्रह्मचारी म्हणजे मुळात गुरुगृही वेदाध्ययन करणारा विद्यार्थी. चार आश्रमांपैकी हा पहिला. त्यानंतर गृहस्थाश्रम यावयाचा हे सर्वसाधारणपणे गृहीतच असे. आजन्म व्रतस्थ राहणारा नैष्ठिक ब्रह्मचारी हा अपवाद. व्यवहारातील मराठीत मात्र अपवादाने नियमाची जागा घेतली. अध्ययन गळाले, स्त्रीवर्जन उरले, आणि तालमीतील मारुतीच्या साक्षीने त्यास बलोपासनेची जोड मिळाली. प्रस्तुत लेखकाच्या ठाण्यातील खोपट भागात एस. टी.चे आगार आहे, उंच इमारती आहेत. खोपट, म्हणजे झोपडी, तेवढी शोधावी लागेल. अर्थ निघून जातो, पाटी राहते!

अशा पाट्यांवर अत्र्यांची नजर आधीपासूनच होती. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार करीत होते, त्या काळात, १९३३ साली, त्यांचे ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक रंगभूमीवर आले. ‘ब्रह्मचारी’तील नावेही पाहावीत. ‘देशभक्त’ आणि ‘आचार्य’ या त्या काळच्या वजनदार पदव्या. त्यांच्यापुढे ‘जटाशंकर’ आणि ‘चंडीराम’ येताच त्यांचे वजन उतरते. विडंबनकाराचा कान तो हाच. (‘आचार्य’ ही पदवी पुढे अत्र्यांच्याच नावाला कायमची चिकटली, हा काळाचा विनोद.) औदुंबराची फजिती होते ती मोह पडल्यामुळे नव्हे. मोहाविषयी बोलावयास त्याच्यापाशी स्वतःचा शब्दच नाही, म्हणून होते. जलक्रीडेच्या गीतात त्याला पाण्यात बोलावते ती किशोरी. पुढाकार तिचा आहे, हे पोशाखाच्या चर्चेत विसरले जाते.

समीर पाटील दिग्दर्शित ‘पोश्टर बॉइज’ (२०१४) या चित्रपटात हेच दुखणे उलट बाजूने दिसते. तीन पुरुषांची छायाचित्रे त्यांच्या नकळत नसबंदीच्या सरकारी जाहिरातीवर झळकतात आणि त्यांच्या संसाराची घडी विसकटते. शरीरास काहीच झालेले नाही. केवळ एक शब्द चिकटला आहे. औदुंबराने आपला शब्द हौसेने अंगावर घेतला होता. या तिघांना तो भिंतीवर वाचावा लागला.