ग्रंथालयाचे दार

यंदा दिवाळीची साफसफाई करताना फडताळाच्या तळाशी माझे कॉलेजातले ग्रंथालयाचे जुने कार्ड सापडले. पुठ्ठ्याचे, कडा झिजलेले. ते मिळवायला मला काय करावे लागले होते? एक अर्ज आणि कारकुनाची थोडी कुरकुर, एवढेच! कार्ड हातात धरून बसले, आणि कॉर्नेलिया सोराबजी आठवल्या.

बाई आपल्याकडच्याच. जन्म १८६६ साली नाशिकला; शिक्षण पुण्यास, डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर. निकाल असा लागला, की विलायतेत शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती न्यायाने त्यांचीच. पण बाईला ती द्यायची कशी? नकार आला.

रडत बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता. १८८८ साली त्या अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवू लागल्या. वय विशीच्या जरा पुढे, आणि समोर वर्ग सगळा मुलग्यांचा! मुलीने पाटी हाती धरली तरी आळीत कुजबुज होई, असा तो काळ.

पुढे इंग्लंडातल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही तिला हातभार लागला. १८८९ साली बाई ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. शिकायचा होता कायदा. त्याची पुस्तके होती ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात, आणि तिथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. १८९० मध्ये कॉलेजचे प्रमुख सर विल्यम ॲन्सन यांनी खास परवानगी दिली, तेव्हा कुठे दार उघडले. कॉलेजातल्या मुलग्यांना शिकवून आलेल्या बाईला पुस्तकापाशी बसायलासुद्धा मेहेरबानी लागावी!

१८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र हाती पडली १९२२ मध्ये, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवातच केली १९२० साली. त्या तीस वर्षांत बाई थांबल्या नव्हत्या. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडद्याआडच्या स्त्रियांची बाजू त्या सांभाळत होत्या.

त्यांची सारीच मते मला पटत नाहीत. गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. पण उघडलेल्या दारातून आत जाणाऱ्याने ते प्रथम कोणी ठोठावले, हे विसरू नये.

"आई, हे कार्ड टाकू ना?" लेकीने केर भरता भरता विचारले.

"नको ग," मी म्हटले, "आधी इथे बस. एका बाईंची गोष्ट सांगते."