नदीचा हिशेब

गांवानें आपलें सांडपाणी नदींत सोडावें आणि नदीनें तें मुकाट्यानें वाहून न्यावें, हा व्यवहार फार जुना आहे. त्यास परवाना लागूं लागला, ही गोष्ट मात्र अलीकडची होय. आणि त्या परवान्यावरील आंकडा कोठून आला, हें पाहणें बोधप्रद आहे.

इंग्लंडांत १८७६ सालीं नद्यांच्या प्रदूषणास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यानें मैला नदींत सोडणें गुन्हा ठरविलें. परंतु किती घाण म्हणजे घाण, याचें माप दिलें नाहीं. अर्थातच तो बराचसा कागदावर राहिला. ही उणीव १८९८ सालीं नेमलेल्या रॉयल कमिशननें भरून काढली. त्याच्या १९१२ सालच्या आठव्या अहवालांत, आजच्या मापांत सांगावयाचें तर, दोन मर्यादा आहेत. शुद्ध केलेल्या सांडपाण्यांत दर लिटरास तरंगता गाळ ३० मिलिग्रॅमहून अधिक नसावा. आणि त्यांतील घाण कुजतांना पांच दिवसांत जो प्राणवायु शोषून घेते, तो २० मिलिग्रॅमहून अधिक नसावा.

या विसामागें सरळ हिशेब होता. नदीचा आंकडा ४ च्या आंत राहिला, तर ती सहसा उपद्रव देत नाहीं, असें कमिशनला आढळलें. बऱ्यापैकीं स्वच्छ नदीचा आंकडा २ धरला, आणि एक भाग सांडपाण्यास नदीचें आठ भाग पाणी मिळेल असें मानलें. आठ भागांचे १६, त्यांत २० मिळवून ३६; त्यास ९ नें भागिलें कीं ४. म्हणजे निम्मेअधिक भरवसा नदीवरच होता. म्हणूनच पाणी विपुल असेल तेथें अट सैल असावी व तुटपुंजें असेल तेथें कडक असावी, असें कमिशननें सांगून ठेविलें.

१९१४ सालीं मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट यांनीं सांडपाण्यांत हवा खेळवून जंतूंकरवीं घाण नाहींशी करण्याची रीत मांडली, आणि ही मर्यादा पाळणें पुष्कळच सुकर झालें. पुढें १९५१ च्या कायद्यानें नव्या विसर्गास नदी-मंडळाची संमति आवश्यक केली. १९६१ च्या कायद्यानें तीच अट जुन्या विसर्गांस लागू केली. संमति ज्या त्या ठिकाणची निराळी. पण वीस-तीसचा आंकडा लोकांच्या तोंडीं बसला आणि आठ भागांची अट विस्मरणांत गेली.

महाराष्ट्रानें १९६९ सालीं स्वतःचा कायदा केला. १९७४ चा केंद्रीय कायदा १९८१ सालीं स्वीकारला. संमतीचें तत्त्व त्यांतही आहे. १९८६ च्या नियमांतील सर्वसाधारण मर्यादा ३० ची, आणि आपल्या उष्ण हवेस अनुसरून कसोटी पांच दिवसांऐवजीं तीन दिवसांची, २७ अंशांवर. कसोटींत उष्णतेचा विचार झाला. पण उन्हाळ्यांतल्या नदीचें काय? देशावरील लहान गांवाजवळ वैशाखांत आठ भाग पाणी कोठून यावें? सांडपाण्याइतकेंच पाणी पात्रांत असेल, तर २० च्या मर्यादेनेंही नदीचा आंकडा ११ होतो; पात्र कोरडें असेल, तर सांडपाणी हीच नदी.

अधिक कडक अट घालण्याचा अधिकार मंडळास नियमांनीं दिलेला आहे. लहान नगरपालिकेस खर्च झेपत नाहीं, ही अडचण खरी; तथापि खालच्या गांवची पाण्याची विहीर त्याच नदीकांठीं असते. परवाना देतांना आषाढांतील पूर न पाहतां वैशाखांतील धार मोजावी, एवढाच या इतिहासाचा बोध आहे.