प्रबंध बुडवा म्हणणाऱ्यांना

परिषदेतल्या दुपारच्या जेवणात, ताट हातात घेऊन टेकायला खांब शोधत असताना, हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘एम.डी.चा थिसिस बंद करून टाका एकदाचा.’ म्हणणारा कधी नुकता पास झालेला असतो, कधी निवृत्तीला टेकलेला विभागप्रमुख. ऐकणारे माना डोलावतात. पॅथॉलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजीवाले जरा जास्तच जोरात डोलावतात, कारण रुग्णाला हात न लावणाऱ्या आमच्या शाखांकडे आधीच कोणी फारसं बघत नाही आणि आमच्या थिसिसकडे तर बांधणारा बाइंडरसुद्धा बघत नाही. मी पंचवीसेक वर्षं गाइड म्हणून सह्या केल्या, बाहेरचा परीक्षक म्हणून त्याहून जास्त प्रबंध चाळले. मला हे मत मान्य नाही. पण पूर्वपक्ष त्याच्या सगळ्या ताकदीनिशी मांडल्याखेरीज खंडनाला हात घालू नये, ही आपल्याकडच्या वादाची जुनी शिस्त आहे. ती पाळतो.

पूर्वपक्ष असा. तीन वर्षांचा एम.डी. त्यातले सुरुवातीचे महिने विषय शोधण्यात, सिनॉप्सिस लिहिण्यात आणि एथिक्स कमिटीच्या खेपा घालण्यात जातात. परीक्षेच्या किमान सहा महिने आधी प्रबंध सादर करावा लागतो. मधल्या काळात रेसिडेंट सकाळी ग्रॉसिंग करतो, दुपारी स्लाइड बघतो, रात्री रक्तपेढी सांभाळतो. उरलेल्या वेळात तो मागच्या वर्षीच्या ताईचा थिसिस उघडतो आणि वर्ष बदलतो. पन्नास केसेस, एक पाय चार्ट, आणि शेवटी ठरलेली ओळ: आमचे निष्कर्ष अमुक व तमुक यांच्या निष्कर्षांशी जुळतात. दिल्लीचे शल्यचिकित्सक समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली हिशेब मांडला. देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून, म्हणजे सत्तावन्न टक्क्यांहून अधिक ठिकाणांहून, २००५ ते २०१४ या दहा वर्षांत एकही शोधनिबंध निघाला नव्हता. मग एवढे प्रबंध जातात कुठे? आणि हे दुखणं आपलंच आहे असंही नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन यांनी १९९४ सालीच बजावलं होतं की, पद्धत न शिकलेल्या डॉक्टरांना नोकरीच्या शिडीसाठी संशोधन करायला लावलं की वाईट संशोधनाचाच पूर येतो. कमी करा, पण चांगलं करा.

यातला एकही मुद्दा मी खोटा म्हणणार नाही. माझा आक्षेप या सगळ्यांच्या पोटात न बोलता बसलेल्या एका गृहीतकाला आहे: प्रबंधातून नवं ज्ञान निघायला हवं, निघत नसेल तर प्रबंध वाया गेला.

कोलकात्याचे शंभुनाथ डे पॅथॉलॉजिस्ट होते. कॉलऱ्याचा जंतू आतड्यात विष सोडतो आणि त्या विषामुळे जुलाब होतात, हे त्यांनी १९५९ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं. त्याआधी जवळजवळ पाऊणशे वर्षं, रॉबर्ट कॉखच्या काळापासून, हे विष लोक शोधत होते. आता त्यांची पीएच.डी. कशावर होती ते बघा. लंडनला रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली त्यांनी जे काम केलं ते होतं मज्जासंस्थेला इजा झाल्यावर फुप्फुसात पाणी कसं भरतं, यावर. कॉलऱ्याशी त्याचा संबंध शून्य. काळा आजारावर युरिया स्टिबामाइन हे औषध काढणारे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी. त्यांची १९०४ सालची पीएच.डी. तांबड्या पेशी फुटण्यावर, हिमोलिसिसवर. प्रबंधातल्या निष्कर्षांचं वजन करायचं तर दोघांच्याही पारड्यात फारसं काही पडत नाही. पण सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधायचा, त्यात जंतू सोडायचे, शेजारचा तुकडा तुलनेसाठी मोकळा ठेवायचा आणि कुठल्या तुकड्यात पाणी भरतं ते बघायचं, हे सुचायला जो हात लागतो, तो हात प्रबंधाच्या काळात घडतो. विषय कुठलाही असो.

इथे कुणी म्हणेल, डे आणि ब्रह्मचारी प्रतिभावंत होते, आमचा रेसिडेंट उद्या एखाद्या तालुक्याच्या गावी लॅब टाकणार आहे. मान्य. उलट त्याच्यासाठीच मी हे लिहितो आहे.

आमच्या विभागात दोन सूक्ष्मदर्शक होते. एक जुना, एक नवा, एकाच वेळी पाच जणांना बघता येईल असा. स्तनाच्या कर्करोगाची प्रत ठरवताना, दर दहा ‘हाय पॉवर फील्ड’मध्ये विभाजन होत असलेल्या पेशी किती, ते मोजावं लागतं. एक रेसिडेंट मुलगी थिसिससाठी जुन्या यंत्रावर मोजत होती, मी त्याच स्लाइड नव्या यंत्रावर मोजत होतो. आकडे जुळेनात. माझे कायम जास्त. मी आधी तिच्या डोळ्यांना दोष दिला. तिने बहुधा माझ्या वयाला दिला असावा, पण ती बोलली नाही. एक दिवस तिने स्टेज मायक्रोमीटर आणला आणि दोन्ही यंत्रांचं फील्ड मोजलं. जुन्याचा व्यास ०.५० मिलिमीटर, नव्याचा ०.६५. ऐकायला फरक किरकोळ. पण क्षेत्रफळ काढलं तर एकात ०.१९६ चौरस मिलिमीटर आणि दुसऱ्यात ०.३३२, म्हणजे दीडपटीहून जास्त. ‘दहा फील्ड’ हे माप नव्हतंच. कुणाच्या यंत्राची दहा फील्ड, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नव्हता, आणि त्या आकड्यावर बायकांच्या आजाराची प्रत ठरत होती.

यात जगाला नवं काही नाही. फील्डच्या आकाराची ही अडचण पुस्तकांत कित्येक वर्षांपासून लिहिलेली आहे, मीही ती वर्गात शिकवली होती. शिकवणं आणि तिच्यामुळे आपलाच रिपोर्ट चुकतो आहे हे दिसणं यांत किती अंतर असतं, ते मला त्या मुलीच्या थिसिसने दाखवलं. त्यानंतर प्रत्येक सूक्ष्मदर्शकाच्या मानेवर फील्डच्या व्यासाची चिठ्ठी चिकटली.

प्रयोगशाळेच्या शाखा इतर शाखांहून वेगळ्या पडतात त्या इथे. शल्यचिकित्सकाचा थिसिस त्याच्या रोजच्या कामाबाहेरचा असू शकतो. आमच्याकडे मोजणं हेच काम आहे, आणि एरवीच्या घाईत आम्ही मोजपट्टीने मोजतो, मोजपट्टीला मोजत नाही. तशी सवड आणि सक्ती पदव्युत्तर काळात एकदाच मिळते. डेंगीच्या दिवसांत प्लेटलेट वीस हजार असा आकडा येतो, घरचे लोक रक्तपेढीकडे धावतात. कधीकधी त्या रक्तात प्लेटलेट भरपूर असतात. नळीतल्या ईडीटीएमुळे त्यांच्या गुठळ्या झालेल्या असतात आणि यंत्र त्यांना मोजत नाही. काचेवर थेंब पसरून बघितलं, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, की आकडा सावरतो. हे ज्याने शंभर नळ्यांवर स्वतः करून पाहिलंय तो यंत्रावर संशय घेतो. ज्याने फक्त वाचलंय तो सही करतो. यंत्रं आता सगळं करतील, डॉक्टर कशाला हवेत, असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळं उत्तर द्यायची गरज मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप पुनरावृत्तीचा. दरवर्षी कोणी ना कोणी मायक्रोबायॉलॉजीचा रेसिडेंट आपल्या रुग्णालयातले जंतू कुठल्या प्रतिजैविकाला दाद देतात ते मोजतो. पुन्हा तेच? मला हा आक्षेप हवामान खात्याला ‘कालही पाऊस मोजला होता ना’ असं विचारण्यासारखा वाटतो. टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल हे हुकमी औषध होतं. १९७२ साली कालिकतच्या साथीतले जंतू त्या औषधाला जुमानेनासे झालेत आणि हा हट्ट ते दुसऱ्या जंतूंना देऊही शकतात, हे सी. के. जे. पणिक्कर आणि के. एन. विमला यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं. हे तेच पणिक्कर, ज्यांचं अनंतनारायण यांच्यासोबतचं पाठ्यपुस्तक आमच्या पिढीने उशाला घेऊन झोप काढली. कालिकत हे काही तेव्हा संशोधनाचं माहेरघर नव्हतं, ते एक वैद्यकीय महाविद्यालय होतं. पुढे गंमत झाली. डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल सोडून सिप्रोफ्लॉक्सासिन धरलं, जंतू त्यालाही सरावले, आणि दरम्यान क्लोरॅम्फेनिकॉलला पुन्हा दाद देऊ लागले. ही माघार कुणा एका मोठ्या शोधात दिसली नाही. ठिकठिकाणच्या छोट्या, कंटाळवाण्या, एकसारख्या मोजण्यांतून ती हळूहळू दिसली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात २००९ च्या उत्तरार्धात कार्बापेनेमला न जुमानणारे चोवीस जंतू तपासले तेव्हा त्यांतल्या बावीसमध्ये एनडीएम-१ हे प्रतिकाराचं जनुक निघालं. चोवीस! एवढ्याशा नमुन्यावर थिसिस लिहिला असता तर परीक्षकाने नाक मुरडलं असतं.

साधनं नाहीत, हा तिसरा आक्षेप. १९५२ साली मुंबईत य. म. भेंडे, च. क. देशपांडे आणि ह. म. भाटिया यांना असं रक्त सापडलं की ज्याच्या पेशी ‘ओ’ गटासारख्या वागत होत्या, पण ज्याचा द्रव मात्र ‘ओ’ गटाच्याच पेशींच्या गुठळ्या करत होता. ‘एच’ हा पाया मुळातच नसलेला हा गट पुढे ‘बॉम्बे’ याच नावाने जगभर ओळखला गेला. पुढच्या उलगड्यासाठी लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स मदतीला आले हे खरं, आणि ‘लॅन्सेट’मधल्या निबंधावर त्यांचीही नावं आहेत. पण पहिला धागा मुंबईच्या टेबलावर, पेशी आणि द्रव दोन्ही बाजूंनी तपासायच्या नेहमीच्या शिस्तीतून हाती लागला. घाईत एकच बाजू तपासून ‘ओ’ लिहिलं असतं तर ते रक्त ‘ओ’च राहिलं असतं, पुढचा रुग्ण दगावेपर्यंत.

उरला सक्तीचा प्रश्न. सक्तीने संशोधन होत नाही, असं म्हणतात. १९८१ साली पर्थमध्ये बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर शिकाऊ होता आणि प्रशिक्षणाचा भाग म्हणून कुठलातरी प्रकल्प शोधत होता. त्याला पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांच्याकडे पाठवलं. वॉरन १९७९ पासून जठराच्या तुकड्यांमध्ये वाकडे जंतू बघत होते आणि सहकारी त्यांना फारसं मनावर घेत नव्हते. जंतू वाढवायच्या बशा तेव्हा दोन दिवसांनी टाकून देत. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत त्या पाच दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवले. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. सुटीचं श्रेय प्रशिक्षणाला देणार नाही. पण प्रकल्प शोधायची गरज पडली नसती, तर मार्शल वॉरनच्या खोलीत गेलाच नसता.

सक्तीचीच गोष्ट निघाली म्हणून प्रतिपक्षाचं एक देणं चुकतं करतो. पदव्युत्तर नियमावलीत मध्यंतरी अशी अट होती की परीक्षेला बसायचं तर पोस्टर हवं, परिषदेत निबंध वाचलेला हवा आणि छापलेला किंवा निदान छापायला पाठवलेला एक शोधनिबंधही हवा. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांचं पीक अशा अटींच्याच खतावर वाढलं. तशी सक्ती पुन्हा आली, तर तिच्याविरुद्धच्या तुमच्या मोर्चात मी पुढे चालेन. प्रबंध लिहायला लावणं वेगळं आणि तो छापून आणायला लावणं वेगळं. पहिल्यात माणूस मोजायला शिकतो, दुसऱ्यात विकायला.

‘आमचे निष्कर्ष जुळतात’ या ओळीबद्दलही बोलायला हवं, कारण ती रेसिडेंट लिहीत असला तरी लिहवतो गाइड. कमल रणदिवे यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेतली ती वसंत खानोलकर यांच्या हाताखाली, टाटा मेमोरियलमध्ये. पुढे त्यांनी देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. खानोलकर स्वतः असे होते की धोतराच्या गाठीखाली होणारा कमरेवरचा कर्करोग त्यांनी नोंदवला; लोक कपडे कसे नेसतात याकडे बघून कर्करोगाचा विचार करणारा गुरू असला, तर शिष्य जुळणाऱ्या आकड्यांच्या मागे कशाला लागेल?

मी तसा गुरू नेहमीच नव्हतो. गाइड झालो त्या पहिल्या काही वर्षांत एका विद्यार्थ्याने गळ्याच्या गाठींवर काम केलं. सुईने काढलेल्या नमुन्याचं निदान आणि पुढे कापून काढलेल्या गाठीचं निदान ताडून बघायचं होतं. साठ केसेस, त्यांतल्या सातांत दोन्हींचा मेळ बसेना. तो दोनदा माझ्याकडे आला. सर, हे सात काय करू? डिस्कशन लांबेल, वगळून टाक, मी म्हटलं. त्याने वगळल्या. त्रेपन्नात शंभर टक्के मेळ बसला, परीक्षक खूश झाले.

थिसिस बंद करायच्या गप्पा गेल्या महिन्यात पुन्हा रंगल्या, तेव्हा मी विभागातल्या जुन्या खोलीत जाऊन मेणाच्या ब्लॉकचे ट्रे काढायला लावले. शिपाईमामांनी दोन तास धूळ खाल्ली. सातांपैकी पाच ब्लॉक सापडले, पेन्सिलीने लिहिलेले नंबर अजून वाचता येतात. नव्याने कापून, रंगवून ठेवायला सांगितलंय. त्या विद्यार्थ्याची आता स्वतःची लॅब आहे; त्याला फोन केला, तर तो म्हणाला, ‘सर, त्या सात केसेसचे नंबर मला अजून पाठ आहेत.’

येत्या रविवारी तो येतो आहे.