ॲब्सोलूट व्होडकाची कुळकथा

ॲब्सोलूट ही व्होडका दक्षिण स्वीडनमधील स्कोने प्रांतात, ओहूस या गावी तयार होते. तिचे मूळ नाव ‘ॲब्सोलूट रेन्ट ब्रेनव्हिन’, म्हणजे ‘निखळ शुद्ध ब्रेनव्हिन’. धान्यापासून वा बटाट्यापासून काढलेल्या दारूला स्वीडनमध्ये ब्रेनव्हिन म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ ‘जाळलेली वाइन’. १८७९ मध्ये हे नाव बाजारात आणणारा लार्स ओल्सन स्मिथ हा स्कोनेचाच.

शुद्धतेचा हा दावा पोकळ नव्हता. साध्या भट्टीत दोन-तीनदा उकळून काढलेल्या दारूत फ्यूजेल तेल नावाची अशुद्धी उरे आणि तिला उग्र दर्प येई. स्मिथने सलग ऊर्ध्वपातनाचा अवलंब केला. या पद्धतीत उंच स्तंभात वरून आंबवण सोडतात आणि खालून वाफ चढते. स्तंभातल्या प्रत्येक तबकडीवर वाफ निवते व द्रव पुन्हा उकळतो, त्यामुळे एकाच फेरीत अनेक ऊर्ध्वपातनांचे काम होते. स्टॉकहोममधील मद्यविक्री मक्तेदारीत बांधलेली होती. तेव्हा स्मिथने शहराच्या हद्दीबाहेर, राइमर्सहोल्म बेटावर दुकान मांडले आणि गिऱ्हाइकांसाठी फुकट बोटी सोडल्या.

१९१७ मध्ये देशातील मद्यव्यवसाय एका सरकारी कंपनीच्या मक्तेदारीखाली गेला. याच सरकारी कंपनीने, मूळ नावाला शंभर वर्षे होताना, १९७९ मध्ये ॲब्सोलूट अमेरिकेत पाठवली. जुन्या काळी ब्रेनव्हिन औषध म्हणूनही विकले जाई. नवी बाटली तशा जुन्या औषधी बाटलीवरूनच घडवली: आखूड मान, गोल खांदे, पारदर्शक काच. कागदी लेबल नाही. अक्षरे थेट काचेवर छापलेली आणि वरच्या बाजूला स्मिथच्या चेहऱ्याचे पदक. १९८० च्या दशकात अँडी वॉरहोलने या बाटलीचे चित्र काढले आणि तिला कलाजगतात स्थान मिळाले. २००८ मध्ये सरकारने ही कंपनी फ्रान्सच्या पेर्नो रिकारला विकली. उत्पादन मात्र ओहूसमध्येच राहिले.

कच्चा माल म्हणजे त्याच परिसरातला हिवाळी गहू. तो शरद ऋतूत पेरतात, हिवाळा तो बर्फाखाली काढतो आणि पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी कापणी होते. एक लिटर व्होडकासाठी किलोभराहून अधिक गहू लागतो. गहू दळून गरम पाण्यात कालवतात. विकरांमुळे पिठातील स्टार्चची साखर होते आणि यीस्ट त्या साखरेचा मद्यार्क करते. स्तंभातून निघालेल्या तीव्र मद्यार्कात ओहूसच्या खोल विहिरीचे पाणी मिसळून त्याचे प्रमाण ४० टक्क्यांवर आणतात. उरलेला चोथा आसपासच्या गोठ्यांत जनावरांच्या खाद्यासाठी जातो.