इटलीतील रणभूमींची यात्रा

नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास गेलेला मराठी मनुष्य केवळ देवदर्शन करून परतत नाही. तीर्थोपाध्यायांच्या घरी जाऊन तो जुन्या वह्या उघडवितो, पणजोबांचे नाव सापडले म्हणजे त्या ओळीवर बोट ठेवून मुलाबाळांस दाखवितो, आणि आपल्या आगमनाची नोंद करवून मगच घराची वाट धरतो. पूर्वजांच्या नावापर्यंत पायी चालत जाण्याची ही रीत आपल्या रक्तातच आहे. म्हणून ज्या कुटुंबांतील तरुण दुसऱ्या महायुद्धात समुद्रापार गेले, त्यांच्या वंशजांनी त्या रणभूमीचीही यात्रा करावी, व ती कशी करावी, याविषयी चार शब्द या स्मरणिकेतून बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

अलीकडे आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी युरोपच्या सहलीस जातात. रोमचे प्राचीन क्रीडागार, पिसाचा कलता मनोरा व व्हेनिसचे कालवे पाहून ती परत येतात. यात गैर काहीच नाही. परंतु ज्या रस्त्यावरून त्यांची बस धावली, त्याच्या आजूबाजूस आपल्याच जिल्ह्यांतील मुले लढली आणि पडली, ही गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही.

सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्त सैन्य इटलीच्या मुख्य भूमीवर उतरले. तेथील जर्मन सैन्याने २ मे १९४५ रोजी शस्त्रे खाली ठेवीपर्यंत सुमारे वीस महिने तेथे युद्ध चालले. अपेनाइन पर्वत त्या देशाच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखा पसरला असून त्याच्या दोन्ही अंगांनी नद्या समुद्राकडे धावतात. उत्तरेकडे चाल करणाऱ्या सैन्याला नदी ओलांडली की डोंगर आणि डोंगर उतरला की पुन्हा नदी, असा जणू शिडीचा एकेक पायंडा लढून घ्यावा लागे. या मोहिमेत भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या व दहाव्या डिव्हिजनांनी भाग घेतला. सुमारे ५०,००० भारतीय सैनिक तेथे लढले आणि त्यांपैकी ५,७८२ परत आले नाहीत. इटलीत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉस पदकांपैकी सहा भारतीय सैन्यातील वीरांनी मिळविली, व त्या सहांपैकी दोन वीर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे होते.

त्यांतील पहिले नाईक यशवंत घाडगे. त्यांचा जन्म १९२१ साली आजच्या रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात झाला. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीचे नायक घाडगे एकटे शिल्लक राहिले. बाकीचे सर्व ठार किंवा जखमी झाले. क्षणाचाही विलंब न लावता ते त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा शिपाई यांना निकामी केले, आणखी एकाला गोळी घातली, आणि बंदुकीत गोळ्या भरण्यास अवसर नाही असे पाहून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. एवढ्यात लपलेल्या शत्रूची गोळी लागून ते तेथेच पडले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

दुसरे शिपाई नामदेव जाधव. हे अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज गावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत, जिला ‘जंगी पलटण’ म्हणतात, ते कंपनीचे निरोप्या होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या कंपनीचा अधिकारी व दोन शिपाई जखमी झाले. जाधवांनी दोन जखमींना पाळीपाळीने उचलून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचविले. मग एकट्यानेच परत जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहून, मराठ्यांची रणगर्जना करीत, मागे राहिलेल्या कंपन्यांना पुढे बोलाविले. हे वीर सुखरूप मायदेशी परतले व १९८४ साली पुण्यात निवर्तले.

आता यात्रेकडे वळू. इटलीतील रणक्षेत्रांपैकी मार्गदर्शकासह सहज पाहता येणारे क्षेत्र म्हणजे मोन्ते कासिनो. रोमपासून ते सुमारे १३० किलोमीटरवर आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी स्थापन केलेला मठ तेथील डोंगरमाथ्यावर उभा आहे. जानेवारी ते मे १९४४ या काळात या डोंगरासाठी चार लढाया झाल्या. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी मठ धुळीस मिळविला; त्या वेळी आत जर्मन सैन्य नव्हते, आश्रयास आलेले नागरिक मात्र होते व त्यांतील पुष्कळ मेले. नंतर त्याच भग्नावशेषांत जर्मनांनी मोर्चे बांधले. आपल्या चौथ्या डिव्हिजनने फेब्रुवारीत व मार्चमध्ये हा डोंगर चढण्याचा प्रयत्न केला. गुरखे तर मठाच्या अगदी खालच्या कड्यावर कित्येक दिवस अन्नपाण्याच्या टंचाईत टिकून राहिले. अखेर १८ मे रोजी पोलिश सैनिकांनी मठाच्या अवशेषांवर आपले निशाण लावले. मठ पुढे पूर्वीच्याच नमुन्यावर बांधण्यात आला.

या ठिकाणी जाणता मार्गदर्शक असणे फार हिताचे ठरते. कोणत्या उतारावर कोण होते, दरीपलीकडून तोफा कोठून डागल्या जात, एवढ्याशा डोंगरासाठी चार महिने का लागले, हे नुसत्या डोळ्यांनी उमगत नाही. हात करून दाखविणारा मनुष्य लागतो. तथापि संघटित सहलीला वेळेचे बंधन असते. प्रस्तुत लेखक एका सहलीतून तेथे गेला, तेव्हा मठ पाहण्यास दोन तास व भोजनास एक तास मिळाला. डोंगराच्या पायथ्याशी असलेली राष्ट्रकुलाची युद्धस्मशानभूमी मात्र बसच्या खिडकीतूनच दाखविण्यात आली. चालकाचा किंवा मार्गदर्शकाचा यात दोष नाही. बसमधील चाळीस प्रवाशांपैकी तिच्याशी नाते सांगणारे आम्ही दोघेच होतो.

परंतु त्या स्मशानभूमीत सव्वाचार हजारांहून अधिक सैनिक विसावले आहेत, त्यांत भारतीयही आहेत. ज्यांच्या देहाचा ठाव लागला नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथेच हिरवट संगमरवरी स्तंभांवर कोरलेली आहेत. यशवंत घाडगे यांचे नाव याच स्तंभांवर आहे. वास्तविक ते पडले तेथून कितीतरी दूर, उत्तरेकडे. पण इटलीच्या मोहिमेत बेपत्ता झालेल्यांची नावे एकत्र कोरण्यासाठी कासिनो हीच जागा निवडली गेली. येथेच या लेखातील मुख्य मुद्दा येतो. परदेशी पडलेल्या सैनिकाच्या बाबतीत नावाची जागा एक असते व मातीची जागा दुसरी असते. यात्रा पूर्ण व्हावयाची, तर दोन्ही ठिकाणी गेले पाहिजे. आणि मातीच्या जागेपर्यंत सहलीची बस सहसा जात नाही.

त्यासाठी भाड्याची मोटार घ्यावी. रोमहून उत्तरेस सुमारे २०० किलोमीटरवर, पेरूजा प्रांतात, मोन्तोने नावाचे टेकडीवरचे जुने गाव आहे. टायबरचे वरचे खोरे तेथून नजरेत येते. या गावाने व इटालियन इतिहासप्रेमींनी जुलै २०२३ मध्ये नाईक घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली जगतो, अशा अर्थाचे वचन त्यावर आहे. सूर्याच्या सावलीवर वेळ दाखविणारे असे स्मारक, जेथे तो तरुण पडला त्याच मुलुखात, परक्या देशाच्या ग्रामस्थांनी उभारावे, हे पाहून मन भरून येते. आपल्याकडे गावोगावी वीरगळ उभे आहेत. कोणाचे, ते आपणच विसरलो आहोत.

मोन्तोनेहून निघून टायबरच्या कडेने अपेनाइन पर्वत ओलांडणारा रस्ता चेझेना गावी उतरतो. तेथून जवळच फोर्ली येथे भारतीय सैन्याची स्वतंत्र स्मशानभूमी आहे. तीत ४९६ समाध्या आहेत. ज्या सैनिकांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्निसंस्कार मिळाला, अशा सुमारे आठशे जणांची नावे तेथील स्मारकावर आहेत. असेच दुसरे स्मारक एड्रियाटिक किनाऱ्याजवळ सांग्रो नदीच्या युद्धस्मशानभूमीत असून त्यावर पाचशेहून अधिक नावे आहेत. आपले माणूस दफन झालेल्यांत आढळले नाही, तर निराश न होता ही स्मारके पाहावीत.

फोर्लीहून तासाभरात लुगो व फुझिन्यानो या गावांजवळ सेनिओ नदी लागते. नदी लहान आहे. ती पाहून यासाठी एवढा संग्राम कशाला, असा प्रश्न पडेल. पण बांधावर चढावे म्हणजे उत्तर मिळते. पुरापासून शेते वाचविण्यासाठी दोन्ही काठांना उंच मातीचे बांध घातलेले आहेत. त्या बांधांत जर्मनांनी बिळे व मोर्चे खोदले आणि भोवतालच्या सपाट रानात कोणालाही मान वर काढणे अशक्य करून सोडले. १९४५ चा हिवाळा दोन्ही सैन्यांनी तेथे समोरासमोर काढला. नामदेव जाधव जिवंत परतले, म्हणून तेथल्या कोणत्याही स्मशानभूमीत त्यांचे नाव असण्याचे कारण नाही. जे परत आले, त्यांच्या पराक्रमाची साक्ष असे बांध व अशा नद्याच देतात. जवळच अल्फोन्सिने येथे या लढाईचे संग्रहालयही आहे.

मोटारीने जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना घरूनच काढून न्यावा लागतो. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. पहिल्या दिवशी शहरात मोटार हाकण्याचे धाडस करू नये. जुन्या गावांच्या मध्यभागी परक्या वाहनांस बंदी असते. ती मोडल्यास कॅमेरा छायाचित्र टिपतो व दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येऊन थडकते. मोठ्या रस्त्यांवर पथकर द्यावा लागतो. ज्यांच्या घरी मोटार चालविणारे तरुण माणूस नाही, त्यांनी रोमहून आगगाडीने कासिनोस जावे. स्थानकापासून युद्धस्मशानभूमी फार दूर नाही. आणि दोन्हींचा मेळ घालणे जमल्यास उत्तमच: मोटार आपली असावी व रणक्षेत्राची माहिती असलेला स्थानिक मार्गदर्शक अर्ध्या दिवसापुरता सोबत घ्यावा.

याहून महत्त्वाची तयारी घरची आहे. आजोबांची पत्र्याची पेटी उघडून पाहावी. तीत सहा टोकांचे पिवळ्या धातूचे तारकापदक तांबडी, पांढरी, हिरवी, पांढरी, तांबडी अशा पट्ट्यांच्या फितीला लावलेले असेल, तर ते इटलीच्या मोहिमेचे पदक होय. डिस्चार्जचा कागद, पलटणीचे नाव व सैनिक-क्रमांक जपून ठेवावेत. मृत सैनिकांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने संगणकावर खुली ठेवली आहे. मात्र इंग्रज कारकुनांनी मराठी आडनावे कानाला लागली तशी लिहिली. एकच जाधव तेथे तीन प्रकारे लिहिलेला आढळतो. सबब नावापेक्षा क्रमांकावर भिस्त ठेवावी. स्मशानभूमीच्या प्रवेशद्वाराशी भिंतीतील पेटीत नोंदवही व भेट देणाऱ्यांसाठी कोरी वही असते. तीत आपले नाव व गाव मराठीत अवश्य लिहावे.

येथे कोणी शंका काढील की, हे युद्ध इंग्रजांचे. आपला देश पारतंत्र्यात, १९४२ च्या चळवळीतील पुढारी तुरुंगात, मग या शिपायांचे गोडवे कशासाठी? शंका रास्त आहे व ती दडपून टाकू नये. बहुतेकांना पलटणीत नेले ते घरच्या दारिद्र्याने व गावच्या लष्करी परंपरेने. परंतु ज्या राजवटीशी ते लढले ती जगावर किती भयंकर संकट होती, हे आज सर्वांस ठाऊक आहे. आणि टायबरकाठच्या खेडुतांना त्यांच्याकडून मिळाली ती मुक्तीच होती. साम्राज्याचे ऋण आपण मानण्याचे कारण नाही. त्या मुलांचे ऋण मात्र आपलेच आहे. ते फेडण्यास दुसरे कोण येणार?

आज त्या पिढीतील जवळजवळ सर्व सैनिक काळाच्या पडद्याआड गेले आहेत. पदके मोडीत जात आहेत, कागदांना वाळवी लागत आहे. नाईक घाडगे यांचा पुतळा माणगावी आहे, त्यांचे नाव कासिनोस आहे, त्यांची सावली मोन्तोनेच्या सूर्यघड्याळावर पडते. पण व्हिक्टोरिया क्रॉस न मिळालेल्या शेकडो शिपायांसाठी घरच्या माणसांखेरीज कोणी नाही. म्हणून माझी मंडळाच्या चालकांस नम्र विनंती आहे की, ज्ञातीतील माजी सैनिकांची नावे, गावे, पलटणी व क्रमांक यांची एक वही मंडळाच्या कार्यालयात ठेवावी, आणि प्रत्येक कुटुंबाने येत्या वार्षिक सभेपूर्वी आपली माहिती तीत भरावी. परदेशी निघालेल्या सभासदाने निघण्यापूर्वी ती वही चाळावी, आणि आपल्या मार्गावर ज्ञातीतील कोणाचे नाव आले, तर स्वतःचे नाते नसले तरी तेथे दोन फुले वाहून यावे.